अर्जांतील खोट्या खुणा

शिवकालीन पत्रांचे नमुने ज्यांनीं एकाद्या संग्रहालयांत पाहिले असतील त्यांस एक गोष्ट आठवत असेल. पत्राच्या माथ्यावर मोठी मुद्रा असते आणि मजकूर संपतो तेथें एक लहानसा शिक्का असतो. यासच मोर्तबाचा शिक्का म्हणत. शिवाजी महाराजांच्या या शिक्क्यावर ‘मर्यादेयं विराजते’ अशीं अक्षरें आहेत. अर्थ इतकाच कीं, लिहिणाराची मर्यादा येथें संपली. याच्या खालीं कोणी एक ओळ जरी वाढविली तरी ती सरकारची नव्हे. आजहि घरांतील वडील मंडळी चेक लिहितांना ‘अक्षरीं रुपये पांचशें मात्र’ असें लिहून उरलेल्या जागेवर आडवी रेघ ओढतात, ती त्याच हेतूनें. कागद कोणताहि असो, त्यांतील कोणता शब्द कोणाचा व तो कोठें संपतो हें निःसंशय कळलें पाहिजे. नाहीं तर त्या कागदास किंमत नाहीं.

आजकाल पुष्कळसे कागद कागदावर उतरतच नाहींत. परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्तीची माहिती, आगगाडीचें तिकीट, दुकानदाराकडील मागणी, हें सर्व आपण संगणकावर किंवा मोबाइलवर भरतों आणि शेवटचें बटण दाबून मोकळे होतों. पुढें तो मजकूर कोठें जातो, तो कोण वाचतो, आणि वाचणारास त्यांतील आपले शब्द कोणते व कचेरीचे शब्द कोणते हें कसें कळतें, याचा विचार बहुधा कोणी करीत नाहीं. प्रस्तुत लेखांत तोच विचार करावयाचें योजिलें आहे. तो करतांना ‘एक्सएमएल इंजेक्शन’ नांवाच्या एका दोषाची ओळख करून घ्यावी लागेल. नांव ऐकून कोणास दवाखाना आठवला तर त्यांत कांहीं वावगें नाहीं. बाहेरचा द्रव सुईनें अंगांत जातो, त्याप्रमाणें येथें बाहेरचा मजकूर अर्जाच्या अंगांत शिरतो. मात्र तो औषधाचा नसतो.

प्रथम एक्सएमएल म्हणजे काय तें पाहूं. समजा, एका गृहस्थानें चिठ्ठी पाठविली, ‘माधव नारायण पुणें सातारा शंभर’. मनुष्य ती वाचून कांहीं तरी अटकळ बांधील. यंत्र अटकळ बांधीत नाहीं. नारायण हें वडिलांचें नांव कीं आडनांव, पुणें हें राहण्याचें गांव कीं जावयाचें, शंभर हे रुपये कीं मैल, हें प्रत्येक शब्दाच्या आगेंमागें खूण करून त्यास सांगावें लागतें. अशा खुणा करण्याची एक पद्धत १९६९ सालीं अमेरिकेंत आय.बी.एम. कंपनींतील चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लोरी या तिघांनीं, वकिली कचेऱ्यांतील दस्तऐवजांचें काम करीत असतां, बसविली. तिचें ‘जीएमएल’ हें नांव त्या तिघांच्या आडनांवांच्या आद्याक्षरांशीं जुळतें. तिच्यापासून निघालेली ‘एसजीएमएल’ ही पद्धत १९८६ सालीं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरली. परंतु ती फार अवजड होती. वेबच्या उपयोगासाठीं तिचा हलका अवतार तयार झाला, तोच एक्सएमएल. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनें १० फेब्रुवारी १९९८ रोजीं त्यास मान्यता दिली.

त्याचा नियम सोपा आहे. दोन कोनदार कंसांमध्यें खुणेचें नांव लिहावयाचें, मग मजकूर, आणि मग तीच खूण एका तिरप्या रेघेसह पुन्हां.

<नांव>माधव</नांव>

पहिली खूण म्हणजे ‘येथून नांव सुरू’. दुसरी म्हणजे ‘येथें नांव संपलें’. खुणांच्या आंत खुणा घालतां येतात, जशा पेटींत डब्या. परंतु आंतली डबी मिटल्याशिवाय बाहेरची पेटी मिटतां येत नाहीं. खुणांचीं नांवें इंग्रजींतच असावीं असा निर्बंध नाहीं. वर लिहिलेली देवनागरी खूण नियमास धरूनच आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते.

‘ही झाली तज्ज्ञांची भाषा, आमचा तिच्याशीं काय संबंध?’ असें पालक विचारतील. संबंध रोजचा आहे. वर्डमध्यें लिहिलेली ‘डॉक्स’ फाइल म्हणजे वास्तविक एक्सएमएलच्या अनेक लहान फाइलींचें एक गांठोडें होय. २०१६ सालीं सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीनें भाजीवाल्यास वीस रुपये पाठविले म्हणजे त्यासाठीं बँकांकडे जे संदेश धांवतात त्यांचा सांचा एक्सएमएलचाच ठरविलेला आहे. एका ठिकाणीं ओळख पटवून अनेक कचेऱ्यांचीं दारें उघडण्याची जी ‘सॅमल’ नांवाची पद्धत आहे, तिचें ओळखपत्रहि एक्सएमएलमध्येंच लिहिलेलें असतें. ‘जेसन’ नांवाच्या दुसऱ्या सुटसुटीत पद्धतीनें एक्सएमएलचें बरेंच काम आपल्याकडे ओढून घेतलें आहे खरें, तथापि या जुन्या घराण्याचा कारभार अद्याप मोठा आहे.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. एका पुस्तकविक्याचें वेबवर दुकान आहे अशी कल्पना करा. गिऱ्हाइकानें आपलें नांव व पत्ता भरावयाचा; शब्दकोशाची ५०० रुपये ही किंमत दुकानाचा प्रोग्रॅम स्वतः घालतो. मग तो सर्व मजकूर एकापुढें एक जोडून गोदामाकडे व हिशेबनिसाकडे धाडतो:

<मागणी><नांव>रामा</नांव><किंमत>५००</किंमत><पत्ता>पुणें</पत्ता></मागणी>

येथें ‘रामा’ व ‘पुणें’ हे दोनच शब्द गिऱ्हाइकाचे. बाकी सर्व दुकानाचें. प्रोग्रॅम लिहिणारानें मनांत धरलें होतें कीं, पत्त्याच्या चौकटींत मनुष्य पत्ताच लिहील. बहुतेक लोक लिहितातहि. परंतु एकाद्या लबाडानें त्या चौकटींत पुढील अक्षरें घातलीं तर?

पुणें</पत्ता><किंमत>५</किंमत><पत्ता>पुणें

जोडणारा प्रोग्रॅम बिचारा डोळे मिटून जोडणार. तयार झालेला कागद असा होईल:

<मागणी><नांव>रामा</नांव><किंमत>५००</किंमत><पत्ता>पुणें</पत्ता><किंमत>५</किंमत><पत्ता>पुणें</पत्ता></मागणी>

यांत व्याकरणाची चूक एकहि नाहीं. जी जी खूण उघडली ती ती मिटली आहे. किंमती मात्र दोन झाल्या. कांहीं प्रोग्रॅम वाचतांना पहिली किंमत धरतात, कांहीं शेवटची धरतात. जे दक्ष असतात ते दोन किंमती पाहून कागदच परत करतात. शेवटची धरणारा असला कीं पांचशेंचा शब्दकोश पांच रुपयांस गेला म्हणून समजावें.

दक्ष वाचकासहि चकविण्याची युक्ति आहे. एक्सएमएलमध्यें मनुष्यांसाठीं टिपणें लिहून ठेवण्याची सोय आहे; ‘<!--’ या चिन्हांपासून ‘-->’ या चिन्हांपर्यंतचा मजकूर यंत्र वाचीत नाहीं, सोडून देतें. लबाडानें नांवाच्या चौकटींत

रामा</नांव><किंमत>५</किंमत><!--

असें लिहिलें आणि पत्त्याच्या चौकटींत

--><पत्ता>पुणें

असें लिहिलें, म्हणजे दुकानानें मध्यें घातलेली ५०० ही खरी किंमत टिपणाच्या पोटांत गडप होते. उरते ती एकच किंमत, आणि तीहि चोराच्या हातची. विद्यार्थ्यांनीं हीं दोन्ही तुकडीं मूळ मागणींत योग्य जागीं वहीवर लिहून पाहावीं. ही गोष्ट नुसती वाचून जितकी पटते त्याहून स्वतः जोडून पाहिल्यानें अधिक पटते.

किंमत हें केवळ उदाहरण झालें. तिच्या जागीं ‘अधिकार’ अशी खूण असेल, आणि तींत ‘विद्यार्थी’ या शब्दाऐवजीं ‘व्यवस्थापक’ हा शब्द कोणी घुसडला, तर गुणपत्रकें बदलण्याचा हक्क परक्याच्या हातीं जावयाचा. एक्सएमएलमध्यें सांठविलेल्या यादींतून नांव व परवलीचा शब्द शोधण्यासाठीं जो प्रश्न विचारला जातो, त्या प्रश्नांतहि चार अक्षरें घुसडून ‘परवलीचा शब्द जुळो वा न जुळो, आंत सोडा’ असा अर्थ करतां येतो. तो या दोषाचा सख्खा भाऊ होय. त्याच्या तपशिलांत येथें शिरत नाहीं.

या सर्वांच्या मुळाशीं एकच गोष्ट आहे. मोर्तबाचा शिक्का ज्याच्या त्याच्या हातीं नसे. तो कारभाऱ्याजवळ असे, आणि म्हणूनच त्यास अर्थ होता. एक्सएमएलमधील ‘येथें संपलें’ ही खूण मात्र साध्या अक्षरांचीच बनलेली आहे, आणि तीं अक्षरें प्रत्येकाच्या कळफलकावर आहेत. अर्ज करणाराहि शिक्का मारूं शकतो व त्याच्या खालीं नवा हुकूम लिहूं शकतो. वाचणारें यंत्र शिक्का पाहतें, मारणारा हात पाहत नाहीं. दुकानाचे शब्द व गिऱ्हाइकाचे शब्द एकदां एका ओळींत जोडले कीं दोहोंची शाई एकच होते. मग त्यांतून कोणाचे कोणते हें निवडणें पुढच्या यंत्रास शक्य नसतें. दोष वाचणाराचा नव्हे, जोडणाराचा आहे.

या जोडणींतील हयगय प्रथम चोरास सांपडते असें नाहीं. पुष्कळदां ती प्रथम प्रामाणिक माणसाच्याच पायांत येते, आणि आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस तिचा अनुभव असेल. गोंव्यांत, वसईकडे व मुंबईंत डिसोझा, डिमेलो, डिसिल्वा अशा आडनांवांचीं कुटुंबें पुष्कळ आहेत. इंग्रजींत लिहितांना त्यांपैकीं अनेक जण ‘डी’ या अक्षरानंतर वरच्या अंगास स्वल्पविरामासारखी एक खूण करतात. वेबवरील अर्जांत हें आडनांव तसेंच लिहिलें कीं कित्येक ठिकाणीं लाल अक्षरांत उत्तर येतें, ‘अयोग्य चिन्ह’. मग कोणी ती खूण गाळतो, कोणी तिच्या जागीं मोकळी जागा सोडतो. मुलाच्या एका दाखल्यावर एक नांव, दुसऱ्यावर दुसरें. आणि पुढें हीं दोन माणसें नव्हत हें सिद्ध करण्यासाठीं प्रतिज्ञापत्राचा खर्च व कचेरीच्या खेपा बापाच्या गळ्यांत पडतात. ‘जोशी & सन्स’ अशी पाटी लावणाऱ्या दुकानदाराचेंहि असेंच होतें.

याचें कारण उघड आहे. एक्सएमएलमध्यें खुणेच्या आंतच एकादी माहिती अवतरणांत लिहितां येते, आणि डिसोझांच्या नांवांतील ती खूण हेंच एक अवतरणाचें चिन्ह आहे. नांवाच्या मध्यें तें आलें कीं यंत्रास वाटतें, अवतरण येथें संपलें. ‘&’ या चिन्हाचा अर्थ तर ‘येथून एक संक्षेप सुरू’ असा आहे; त्याच्या पुढें संक्षेप न सांपडल्यामुळें यंत्र सबंध कागद अशुद्ध म्हणून नाकारतें. अशी तक्रार आली म्हणजे प्रोग्रॅम लिहिणारानें जोडणी सुधारावी हें योग्य. परंतु ती सुधारण्याचे श्रम न घेतां तो त्या चिन्हासच बंदी करतो. आमच्या मतें हा उपाय नव्हे. चोर येतो म्हणून दार विटांनीं चिणून टाकावें आणि घरच्या माणसांनीं खिडकींतून ये-जा करावी, तशांतला हा प्रकार आहे. शिवाय त्यानें चोर थांबतोच असें नाहीं. अशी तपासणी पुष्कळदां अर्ज भरणाराच्या स्वतःच्या संगणकावर होत असते. ती चुकवून थेट दुकानाच्या यंत्राकडे मजकूर पाठविणें लबाडास मुळींच कठीण नाहीं. अडतो तो डिसोझा.

खरा उपाय एक्सएमएलच्या नियमांतच प्रथमपासून दिलेला आहे. दोन कोनदार कंस, ‘&’ हें चिन्ह, आणि एकेरी व दुहेरी अवतरणचिन्ह, अशीं पांच चिन्हें त्यांत विशेष मानलेलीं आहेत, आणि प्रत्येकासाठीं एक पर्यायी लेखन ठरलेलें आहे. डावा कोनदार कंस मजकूर म्हणून लिहावयाचा असेल तर ‘&’ लिहून त्यापुढें ‘एल’ व ‘टी’ हीं इंग्रजी अक्षरें आणि अर्धविराम लिहितात. तें वाचून यंत्र समजतें कीं, येथें कंसाचें चित्र आहे, कंसाचा हुकूम नाहीं. गिऱ्हाइकाचा प्रत्येक शब्द असा बदलून घेतल्यावर मग दुकानाच्या खुणांमध्यें जोडला, तर काय होईल? आपल्या लबाडाचा तो लांबलचक मजकूर गोदामांत एक विचित्र पत्ता म्हणून पोंचेल, बांधणी करणारा तो वाचून हंसेल, आणि किंमत ५०० ची ५०० राहील. डिसोझांचें नांवहि त्यांनीं लिहिलें तसेंच पोंचेल. एकाच औषधानें दोन्ही दुखणीं जातात, कारण दुखणें मुळांत एकच होतें.

या बदलण्यांतहि एक गंमत आहे. ‘&’ चा बदल सर्वांच्या आधीं केला पाहिजे. तो मागाहून केला तर आधींच्या बदलांत जे ‘&’ आले असतील तेहि पुन्हां बदलले जातात आणि नांवाचा चुथडा होतो. कित्येक वेबपानांवर नांवाच्या मध्येंच ‘&’, दोन-तीन इंग्रजी अक्षरें व अर्धविराम असा जो कचरा दिसतो, तो बहुधा अशा दोन वेळां झालेल्या बदलाचाच असतो. यास्तव हें काम हातानें करूंच नये. एक्सएमएल लिहिण्याच्या ज्या तयार लायब्ररी प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेंत मिळतात, त्यांच्याकडे नांव व पत्ता निराळे निराळे सोंपवावे आणि खुणा त्यांनींच कराव्या. कांहीं जण ‘सीडेटा’ नांवाच्या पाकिटांत मजकूर घालून निर्धास्त होतात. परंतु त्या पाकिटाचें तोंडहि ‘]]>’ अशा तीन साध्या चिन्हांनींच मिटतें, आणि तीं चिन्हें लबाडासहि लिहितां येतात. म्हणजे पुन्हां पहिल्यासारखेंच.

येथवर आपण मजकूर लिहून पाठवितांना होणारी चूक पाहिली. सबंध एक्सएमएल कागदच परक्याकडून स्वीकारावयाचा असेल तर याहून विलक्षण धोका असतो. तो समजण्यासाठीं मघांचा संक्षेप पुन्हां पाहूं. जुन्या पत्रांत ‘सा. न. वि. वि.’ असें लिहीत आणि वाचणारा ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असें समजून घेई. एक्सएमएलमध्यें लिहिणारास असे स्वतःचे संक्षेप ठरवितां येतात: कागदाच्या आरंभीं सांगावयाचें कीं, अमुक अक्षरें दिसलीं कीं तेथें तमुक वाक्य वाचावें. इतकें ठीक. परंतु नियम करणारांनीं आणखी एक सवलत ठेवली: ‘अमुक अक्षरें दिसलीं कीं तेथें तमुक फाइलींतील मजकूर आणून घालावा’. ही फाइल कोणाच्या घरची? वाचणाराच्या! एकाद्या परक्यानें आपल्यास पत्र धाडावें, ‘या ठिकाणीं तुमच्या तिजोरींतील कागद वाचावा’, आणि आपल्या आज्ञाधारक कारकुनानें तो कागद काढून उत्तरांत उतरून द्यावा, तसें हें होतें.

या युक्तीकडे ग्रेगरी स्ट्यूक यांनीं २००२ सालीं जाहीरपणें लक्ष वेधलें. तरी पुढें कित्येक वर्षें तें दार उघडेंच होतें. २०१३ सालीं ब्राझीलमधील रेजिनाल्दो सिल्वा यांस फेसबुकसारख्या बलाढ्य कंपनीच्या यंत्रांतहि हाच दोष सांपडला. त्यांनीं तेथील एका फाइलीचा मजकूर वाचून दाखविला, परंतु तो विकला नाहीं, कंपनीस कळविलें. कंपनीनें दोष दुरुस्त करून त्यांस ३३,५०० डॉलरांचें बक्षीस दिलें. पुढल्याच वर्षीं, २०१४ सालीं, वर्ड व एक्सेलच्या फाइली वाचण्यासाठीं असंख्य प्रोग्रॅम ज्या ‘अपाची पीओआय’ या लायब्ररीचा उपयोग करतात, तींतहि हा दोष आढळून दुरुस्त झाला. नोकरीचा अर्ज म्हणून पाठविलेली साधी दिसणारी ‘डॉक्स’ फाइलहि अशा रीतीनें कचेरीच्या यंत्रांतील कागद चाळूं शकते, हें ऐकून पालकांस आश्चर्य वाटेल.

संक्षेपाचा दुसरा एक दुरुपयोग चोरीचा नव्हे, निव्वळ खोडीचा आहे. पहिला संक्षेप तीन अक्षरांचा ठेवावा. दुसरा म्हणजे पहिला दहा वेळां. तिसरा म्हणजे दुसरा दहा वेळां. असें दहाव्या संक्षेपापर्यंत जावें. हा सर्व मजकूर एक किलोबाइटहि भरत नाहीं. परंतु शेवटचा संक्षेप उलगडूं लागलें कीं तींच तीन अक्षरें एक अब्ज वेळां लिहावीं लागतात, म्हणजे सुमारें तीन गिगाबाइट. बुद्धिबळाच्या पटावर दाणे मागणाऱ्याची गोष्ट ज्यांस ठाऊक आहे त्यांस निराळें सांगावयास नको. यंत्राची स्मृति भरून तें निपचित पडतें, आणि त्याच वेळीं परीक्षेचा निकाल पाहावयास बसलेलीं हजारों मुलें कोऱ्या पडद्याकडे पाहत राहतात. मूळ तीन अक्षरें हास्यदर्शक असल्यामुळें या खोडीस ‘अब्जावधि हास्यांचा हल्ला’ असें नांव पडलें आहे. ती २००३ च्या आधींपासून माहीत होती. तरी ‘एक्सपॅट’ या अत्यंत प्रचलित वाचक-प्रोग्रॅमांत तिच्यापासून संरक्षण आलें तें २०२१ सालीं. माहीत असलेला दोष दुरुस्त व्हावयास इतकीं वर्षें लागावीं हें भूषणावह नाहीं.

सर्वांत बारीक चोरी ‘सॅमल’ ओळखपत्राची. त्या पत्रावर गणिती सही असते. एक अक्षर बदललें तरी सही फुकट जाते. तेव्हां तेथें कोणी काय करणार? परंतु सही तपासणारा एक प्रोग्रॅम व पत्र वाचणारा दुसरा, असे दोघे जण तेथें असतात, आणि दोघांची नजर एकाच जागीं असते असें नाहीं. २०१२ सालीं जर्मनींतील बोखुम येथील रूर विद्यापीठाच्या युराय सोमोरोव्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असे चौदा संच तपासले. त्यांपैकीं अकरांत त्यांस शिरकाव करतां आला. सही असलेलें खरें पत्र ते कागदांतच एका कोपऱ्यांत राहूं देत, आणि वाचणाराच्या नजरेसमोर खोटें पत्र ठेवीत. तपासणारा कोपऱ्यांतील सही पाहून मान डोलावी, वाचणारा पुढ्यांतील नांव वाची.

२०१८ सालीं आणखी एक प्रकार उघडकीस आला, आणि तो तर मराठींत फारच सुरेख सांगतां येतो. समजा, रामराव हे कचेरीचे मुख्य. एकानें स्वतःसाठीं ‘रामरावजी’ या नांवानें खातें काढलें, आणि त्या नांवाचें रीतसर सही केलेलें ओळखपत्र मिळविलें. मग त्यानें वाटेंत ‘रामराव’ व ‘जी’ यांच्यामध्यें एक रिकामें टिपण घातलें. सही तपासतांना टिपणें वगळण्याची रीत असते, म्हणून तपासणारास ‘रामरावजी’ हें अबाधित नांव दिसलें व सही खरी ठरली. वाचणारा प्रोग्रॅम मात्र टिपण आलें कीं नांव संपलें असें समजून थांबला. त्यानें वाचलें ‘रामराव’, आणि मुख्याचें दालन उघडून दिलें. येथें लबाडानें सहींतील एक अक्षरहि बदललेलें नव्हतें!

अर्थात् उपायांची प्रगतीहि झाली आहे. ‘लिबएक्सएमएल२’ या लायब्ररीनें २०१२ पासून बाहेरच्या फाइली आपण होऊन आणणें बंद केलें. ओवॅस्प या संस्थेनें २०१७ च्या मुख्य दहा धोक्यांच्या यादींत बाहेरच्या संक्षेपाच्या दोषास स्वतंत्र चौथें स्थान दिलें होतें; २०२१ च्या यादींत तो चुकीच्या मांडणीच्या सदरांत सामील करण्यांत आला. परक्याकडून येणाऱ्या कागदास स्वतःचे संक्षेप ठरविण्याची परवानगीच देऊं नये, हा आतां सर्वमान्य नियम आहे. त्याच्या जोडीस, आलेल्या कागदांत किंमत एकच आहे काय, ती अंकांतच आहे काय, हें आधीं लिहून ठेवलेल्या नमुन्याशीं ताडून पाहावें. नमुना ताडण्याचा हा कडकपणा अंकांस व तारखांस योग्य आहे. मनुष्याच्या नांवास तो लावूं नये.

या लेखांतील युक्त्या दुसऱ्याच्या वेबसाइटवर करून पाहण्याचा मोह एकाद्या चौकस मुलास होईल म्हणून स्पष्ट सांगणें भाग आहे कीं, परवानगीवांचून दुसऱ्याच्या यंत्रांत अशा रीतीनें हात घालणें हा आपल्याकडे गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, याच्या कलम ४३ मधील कृत्यें कपटानें वा अप्रामाणिकपणें केल्यास कलम ६६ प्रमाणें तीन वर्षांपर्यंत कैद, पांच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. सिल्वा यांस बक्षीस मिळालें तें, बक्षिसाचे नियम आधीं जाहीर केलेल्या कंपनीच्या दोषाबद्दल.

स्वतःच्या प्रोग्रॅमवर मात्र परीक्षा अवश्य करावी. शाळेच्या संगणकवर्गांत नांव विचारून तें एक्सएमएल फाइलींत लिहिणारा व पुन्हां वाचून दाखविणारा लहानसा प्रोग्रॅम दहा-पंधरा ओळींत होतो. त्यास चार नांवें द्यावीं: डिसोझांचें खुणेसह इंग्रजी नांव, ‘जोशी & सन्स’, गणिताच्या वहींतील ‘५ < ७’, आणि वर दिलेला लबाडाचा पत्ता. चारहि जशींच्या तशीं परत आलीं तर जोडणी ठीक आहे. एकाद्याचें शेपूट तुटलें, किंवा फाइल उघडेनाशी झाली, किंवा आपण न लिहिलेली ‘किंमत’ तींत उगवली, तर प्रोग्रॅमांतील जी ओळ अधिकचिन्हानें खुणा व नांव एकत्र चिकटविते ती शोधून काढावी, पुसावी, आणि तेवढें काम लायब्ररीकडून करवून घेऊन चारहि नांवें पुन्हां घालून पाहावीं.